मैदानावरचं हार्ड रॉक रेकॉर्डमध्ये कसं उतरतं

भाच्यानं डिसेंबरात आपल्या नागपुरातल्या एका मैदानावर झालेला रॉक शो मोबाइलमध्ये टिपून आणला आणि रविवारी सकाळी, मी पोह्यांवर तर्री घेत असताना, माझ्या कानाशी लावला. गिटार ऐकू येत होती ती मिक्सरच्या भांड्यात चमचा राहून गेल्यासारखी. ड्रम कुठे आहेत ते कळत नव्हतं, फक्त दर ठोक्याला बाकीचा सगळा आवाज दबून परत वर येत होता. गाणाऱ्यापेक्षा भाच्याच्या मित्राच्या किंकाळ्या खणखणीत. मग त्यानं लगेच दुसरं लावलं: एसी/डीसी या हार्ड रॉक बँडचा १९९१ सालचा डोनिंग्टनचा कार्यक्रम. तोही उघड्यावरचाच. पण तिथे झांज वेगळी, गिटार वेगळी, आणि मागे गर्दीचा समुद्र.

“मामा, हेही मैदान, तेही मैदान. मंग आपलंच काऊन असं येऊन राहिलं? अन् मी त एकदम समोर होतो. बॅरिकेडले चिकटून.”

बॅरिकेडचा दावा मी तेव्हा मुकाट ऐकून घेतला. वीसेक वर्षं ऑर्केस्ट्रा, नाटकं आणि गणपती मंडळांच्या आवाजाच्या मिक्सरमागे काढल्यामुळे मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र मला ठाऊक होतं. मोबाइल स्वस्त की महाग, याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

डोनिंग्टन पार्क म्हणजे इंग्लंडातल्या लेस्टरशरमधला मोटार शर्यतींचा ट्रॅक. १९८० पासून तिथे ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’ हा संगीत उत्सव भरायचा. पहिल्या वर्षी शेवटी वाजवायचा मान रेनबो या बँडचा होता. १७ ऑगस्ट १९९१ ला एसी/डीसीच्या आधी मेटॅलिका, मॉटली क्रू, क्वीन्सराइक आणि ब्लॅक क्रोज वाजवून गेले. माणसं सत्तर हजारांच्या घरात. दिग्दर्शक डेव्हिड मॅलेट यांनी हेलिकॉप्टरसह विसाहून जास्त कॅमेरे लावून तो कार्यक्रम ३५ मिलिमीटर फिल्मवर घेतला. आणि तरीही, आपण घरी बसून जे ऐकतो ते त्या सत्तर हजारांपैकी एकालाही तसं ऐकू आलेलं नाही. त्या रेकॉर्डिंगमधला कान एकाच वेळी ड्रमच्या पोटात, गिटारच्या स्पीकरला टेकून, गाणाऱ्याच्या ओठांशी आणि गर्दीच्या डोक्यावर असतो. असा माणूस जन्माला यायचा आहे.

मग मैदानातल्या माणसाला नेमकं काय ऐकू येतं? इथे थोडं थांबू, कारण खरी गंमत इथेच आहे.

आवाज हवेतून चालत येतो, आणि त्याची चाल हवा किती गरम आहे यावर ठरते. शून्य अंशाला सेकंदाला साधारण ३३१ मीटर, आणि पुढे दर अंशामागे सुमारे ०.६ मीटरची भर. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या दुपारी आवाज सेकंदाला साडेतीनशेहून अधिक मीटर धावतो आणि डिसेंबरात १२ अंशांच्या रात्री ३३९ च्या आसपास. फरक किरकोळ वाटतो, पण मैदान मोठं असलं की तो कानाला लागतो. कस्तुरचंद पार्कसारखं मैदान डोळ्यांसमोर आणा. स्टेजपासून २०० मीटरवर उभ्या माणसाला ठोका पोचतो तो जवळजवळ ०.६ सेकंद उशिरा. गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं असेल तर दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर असतं. म्हणजे मागचा माणूस अगदी तालात टाळी वाजवत असला तरी स्टेजवाल्यांच्या हिशेबानं तो पुढच्या ठोक्यावर गेलेला आहे! त्याची टाळी उलट स्टेजपर्यंत यायला आणखी ०.६ सेकंद. म्हणून मैदानातली टाळी एका क्षणी पडत नाही, ज्वारीच्या शेतावरून वारा जावा तशी ती पुढून मागे सरकत जाते. ड्रमरनं ती ऐकून ताल धरायचा ठरवलं तर गाणं बैलगाडीच्या चालीवर येईल.

मागच्यांना ऐकू जावं म्हणून मैदानाच्या मध्यावर स्पीकरचे आणखी मनोरे लावतात, त्यांना डिले टॉवर म्हणतात. नावातच सगळं आहे. टॉवर ६० मीटरवर असेल तर त्यातून निघणारा आवाज मुद्दाम ०.१७ सेकंद रोखून धरतात, म्हणजे स्टेजवरून हवेतून आलेला आवाज आणि टॉवरचा आवाज बरोबर पोचतात. वर आणखी दहा-पंधरा सहस्रांश सेकंद उशीर घालायची युक्ती आहे. दोन सारखे आवाज किंचित अंतरानं आले की कान जो आधी आला त्याच्याच दिशेवर विश्वास ठेवतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं १९४९ मध्ये हे तपासून मांडलं. त्यामुळे आवाज खरा टॉवरचा असला तरी ऐकणाऱ्याला तो स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो. कानाची इतकी गोड फसवणूक दुसरी नाही.

आता यात नागपूर घाला. जानेवारीत दुपारी चार वाजता, २९ अंशांत, साउंड चेक करून टॉवरचा उशीर जमवला. रात्री नऊला पारा १३ वर. तेवढ्या फरकानं ६० मीटरच्या प्रवासाला ५ सहस्रांश सेकंद जास्त लागू लागले. दुपारी नीट जुळलेले दोन आवाज रात्री एकमेकांच्या पायात पाय घालतात, आणि झांजेचा चकचकीतपणा धुरकट होतो. चांगला साउंडवाला खिशात थर्मामीटर ठेवतो आणि रात्री आकडा बदलतो. बाकीचे म्हणतात, “थंडीनं स्पीकर बसले.”

हिवाळ्याचा दुसरा खेळ तुम्ही घरात झोपूनही अनुभवला असेल. अजनीच्या गाड्यांचे भोंगे उन्हाळ्यात दुपारी कुठे ऐकू येतात? हिवाळ्यात रात्री मात्र गाडी अंगणातून गेल्यासारखी वाटते. रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा थंड आणि वरची त्या मानानं गरम राहते. गरम हवेत आवाज वेगानं जातो, म्हणून त्याची लाट वरून वाकून परत खाली येते. दिवसा उलट, खालची हवा तापलेली, त्यामुळे आवाज वर आभाळाकडे वळतो आणि लांबच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातो. मैदानाच्या मागच्या बाजूला दुपारी पोकळ वाटणारा आवाज रात्री अचानक भरून येतो तो यामुळे. आणि दोन किलोमीटरवरच्या काकांची तक्रारही त्याच वेळी येते ती यामुळेच.

वारा तर विचारूच नका. झुळूक आली की गिटारचा वरचा सूर कोणीतरी पडदा ओढल्यासारखा जातो आणि येतो. कोरडी हवा हे बारीक, उंच सूर दमट हवेपेक्षा जास्त खाते. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात लांबवर नुसता धडधडाट पोचतो, छनछनाट वाटेतच मरतो.

मोबाइल हे सगळं एकाच जागेवरून ऐकतो. त्यात तो स्वतःला शहाणा समजतो. बोलणं नीट यावं म्हणून त्याच्यात आवाजाची पातळी आपोआप वरखाली करायची सोय असते. बास ड्रमचा ठोका आला की तो घाबरून सगळंच खाली ओढतो, ठोका गेला की वर सोडतो. भाच्याच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळं दर ठोक्याला दबत होतं ते त्यामुळे. आणि मित्राचं तोंड मोबाइलपासून हातभर अंतरावर, तर स्टेज कुठच्या कुठे. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो, हा मोकळ्या जागेतला साधा हिशेब. मित्र जिंकणारच.

रेकॉर्डिंगवाले म्हणून मैदानाची हवा मध्ये येऊच देत नाहीत. ड्रमच्या एका सेटलाच आठ-दहा माइक लागतात: बास ड्रमच्या आत एक, स्नेअरला, म्हणजे ‘ठाक’ वाजणाऱ्या चपट्या ड्रमला, वर एक आणि खाली एक, टॉम म्हणतात त्या मधल्या प्रत्येक ड्रमला एक, झांजांवर दोन. स्नेअरच्या दोन माइकपैकी एकाची दिशा विजेच्या भाषेत उलटी करावी लागते. काठी पडली की वरचं कातडं वरच्या माइकपासून दूर जातं आणि खालचं खालच्या माइककडे येतं. दोन्ही तसेच मिसळले तर एकमेकांना खाऊन टाकतात आणि स्नेअर पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजतो. गिटारच्या मागे स्पीकरच्या पेट्यांची भिंत दिसते, पण माइक बहुतेकदा त्यातल्या एकाच पेटीला, जाळीला जवळजवळ टेकून असतो. तो पुष्कळदा शूर कंपनीचा एसएम ५७, म्हणजे १९६५ पासून बाजारात असलेला साधा, दणकट माइक. स्पीकरच्या मध्यावर धरला तर आवाज टोचतो, बोटभर कडेला सरकवला की गोल होतो. हार्ड रॉकमध्ये गिटारचा अर्धा सूर त्या बोटभर अंतरात असतो असं माझं मत आहे. गिटारचा सूर बदलणाऱ्या पायाखालच्या पेडलवर हजारो रुपये घालणाऱ्या पोरांना ते पटत नाही.

हे सगळे माइक एका पेटीत येतात आणि तिथे प्रत्येक तारेला तीन फाटे फुटतात. एक मैदानाच्या मिक्सरला, दुसरा स्टेजवरच्या वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून मॉनिटरच्या मिक्सरला, तिसरा रेकॉर्डिंगला. फाटे फोडायला छोटे ट्रान्सफॉर्मर वापरतात. ते वापरले नाहीत आणि रेकॉर्डिंगची वीज एका जनरेटरवरून, स्टेजची दुसऱ्यावरून आली, तर दोन अर्थिंगच्या भांडणात ५० हर्ट्झचा ‘घूंऽऽ’ प्रत्येक तारेत शिरतो. आपल्याकडच्या बऱ्याच मंडळांनी हा ‘घूंऽऽ’ कार्यक्रमाचाच भाग म्हणून स्वीकारला आहे, ते सोडा.

तिसरा फाटा जिथे जातो ती जागा पूर्वी ट्रक असायची. आपल्याकडे गिटार हातात घेतलेलं पोरगं पहिलं काय वाजवतं? ‘स्मोक ऑन द वॉटर’चे ते सुरुवातीचे सूर. त्या गाण्याच्या गोष्टीत असा एक ट्रक आहे. डिसेंबर १९७१ मध्ये ते गाणं करणारा डीप पर्पल हा बँड स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी गेला तो रोलिंग स्टोन्स या बँडचा ट्रकातला फिरता स्टुडिओ भाड्यानं घेऊन. ज्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करायचं होतं तो फ्रँक झप्पाच्या कार्यक्रमात लागलेल्या आगीत जळाला आणि तळ्यावर धूर पसरला. धूर सगळ्यांच्या लक्षात राहिला, ट्रक मात्र कोणाच्या नाही.

ट्रकात टेपची यंत्रं असत. अमेरिकेतला १९६९ चा वुडस्टॉक संगीत उत्सव ध्वनिमुद्रक एडी क्रेमर यांनी ८ ट्रॅकच्या यंत्रांवर घेतला, म्हणजे आख्खा बँड आठ खणांत बसवायचा. ड्रमच्या सगळ्या माइकांना मिळून दोनेक खण मिळाले तरी नशीब. पुढे दोन इंच रुंदीच्या टेपवर २४ खण आले. ही टेप सेकंदाला ३० इंच धावते. २५०० फुटांचं रीळ त्या वेगानं सोळा-सतरा मिनिटांत संपतं, आणि बँड काही रीळ बदलायला थांबत नाही. म्हणून दोन यंत्रं ठेवायची आणि पहिलं संपायच्या आधी दुसरं सुरू करायचं. आज तेच काम लॅपटॉप करतो. आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटचा, असे ४८ माइक दीड तास टिपले तर साधारण ३७ जीबी होतात. पेन ड्राइव्हमध्ये मावेल एवढंच.

फक्त एक जुनं सुख गेलं. टेपवर आवाज थोडा जास्त गेला तरी ती तो सावरून घ्यायची, उलट जरा उबदार करायची. डिजिटलमध्ये कमाल पातळी म्हणजे पक्की स्लॅब. डोकं आपटलं की लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि तो परत जोडता येत नाही. त्यात उत्सवात प्रत्येक बँडला साउंड चेक मिळतोच असं नाही, तारा लागल्यात का एवढंच तपासायला वेळ असतो. आपल्याकडे तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री १० ला लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. घड्याळ असं मानगुटीवर बसलेलं असताना ड्रमर ‘चेक’ म्हणून हळू वाजवतो आणि खऱ्या गाण्यात अंगात आल्यासारखा बडवतो. म्हणून रेकॉर्डिंगवाला सुरुवातीलाच पातळी बरीच खाली ठेवतो.

आता मूळ मुद्दा. इतक्या निगुतीनं टिपलेले हे ४८ आवाज नुसते मिसळून ऐकले तर कसे वाटतात? कोरडे. तर्रीशिवायच्या पोह्यांसारखे. सगळं जागेवर आहे, पण घास घशात अडकतो. मैदान कुठे गेलं? ते तर आपणच बाहेर ठेवलं होतं!

मैदानासाठी वेगळे माइक असतात. स्टेजच्या दोन्ही टोकांना, गर्दीकडे तोंड करून. ते मुख्य स्पीकरच्या मागच्या बाजूला राहतात, त्यामुळे त्यांना स्पीकर कमी आणि माणसं जास्त ऐकू येतात. आणखी एक जोडी मैदानातल्या मिक्सरच्या मांडवावर. त्यांना केसाळ टोप्या घालतात, नाहीतर वारा माइकवर फडफडतो.

गोची या दुसऱ्या जोडीची आहे. मिक्सरचा मांडव ३० मीटरवर असेल तर तिथल्या माइकला स्नेअरचा ठोका ०.०९ सेकंद उशिरा पोचतो. तो स्नेअरच्या स्वतःच्या माइकशी तसाच मिसळला तर ‘ठाक’ऐवजी ‘ठाकठक्’ ऐकू येतं, विहिरीत ओरडल्यासारखं. म्हणून मिक्सिंग करताना गर्दीची पट्टी तेवढी अलीकडे सरकवतात. म्हणजे घरी ऐकणाऱ्यासाठी ३० मीटरचं मैदान पुसून टाकतात! पण पूर्ण पुसलं तर उघड्यावरचा मोकळेपणाही जातो, म्हणून काहीजण थोडा उशीर मुद्दाम ठेवतात. किती, याचं सूत्र नाही. शिवाय गाणं चालू असताना गर्दी खाली, दोन गाण्यांच्या मध्ये आणि सगळे मिळून गातात तिथे वर. हे वरखाली करणं ऐकणाऱ्याच्या लक्षात आलं तर मिक्सिंग फसलं. तर्री कमी पडली तर ठसका लागतो, जास्त झाली तर पोहे सापडत नाहीत.

दोन गिटारही रेकॉर्डमध्ये दोन कानांना वाटून देता येतात. मैदानात तसं करत नाहीत, कारण बहुतेक माणसं कुठल्यातरी एका बाजूच्या स्पीकरजवळ असतात. त्यांना अर्धा बँडच ऐकू आला असता.

आणि हो, दुरुस्त्या. स्टेजवर उड्या मारताना गाणाऱ्याचा श्वास तुटतो, तार सुटते. मग स्टुडिओत तेवढा तुकडा पुन्हा वाजवून भरतात. किस या बँडच्या १९७५ च्या गाजलेल्या लाइव्ह अल्बममध्ये असं झालं हे त्यांनीच नंतर कबूल केलं. त्याचे निर्माते पुन्हा एडी क्रेमरच. थिन लिझीच्या १९७८ च्या लाइव्ह अल्बमवर तर निर्माता टोनी व्हिस्कोंटी म्हणतात बरंच स्टुडिओत भरलं, आणि बँडमधले म्हणतात फारच थोडं. एसी/डीसीनं १९९२ मध्ये जो लाइव्ह अल्बम काढला तोही एका रात्रीचा नाही, त्या दौऱ्यातल्या वेगवेगळ्या कार्यक्रमांतून निवडलेला आहे. काहींना यात फसवणूक वाटते. मला नाही वाटत; तुटलेली तार एकदा ऐकायला मजा येते, पन्नासाव्यांदा नाही. खोटी गर्दी भरलेली मात्र मला सहन होत नाही.

भाच्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हंजे माझ्या व्हिडिओचा काही उपयोग नाही?”

मी म्हटलं, आहे ना. व्हिडिओत ड्रमरची काठी स्नेअरवर पडते ती फ्रेम शोध. प्रकाशाला यायला वेळ लागत नाही, आवाजाला लागतो. काठी पडल्यावर किती फ्रेम उलटल्या की ‘ठाक’ ऐकू येतं ते मोज. त्यानं लॅपटॉपवर एकेक फ्रेम पुढे ढकलली. एक, दोन, तीन... सहाव्या फ्रेमला ठोका आला. पुन्हा मोजलं, पुन्हा सहा. व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा. सहा फ्रेम म्हणजे ०.२ सेकंद. त्या रात्रीच्या थंडीत आवाज सेकंदाला ३४० मीटर. मोबाइलच्या स्वतःच्या गडबडीमुळे एखादी फ्रेम इकडेतिकडे धरली तरी पंचावन्न ते ऐंशी मीटर.

“बॅरिकेड स्टेजपासून किती होतं?”

“असंल चार-पाच मीटर.”

“अन् सत्तर मीटरवर काय होतं?”

तो पोह्यांच्या बशीकडे बघत राहिला.

“मोमोजचा ठेला होता, मामा. झूम करून घेतला व्हिडिओ.”